चार पट्ट्यांचा झेंडा कुणाचा?

दुपारची भांडीकुंडी आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज मी तुम्हाला एका झेंड्याची गोष्ट सांगणार आहे. झेंडा एवढासा, मोबाईलवर तांदळाच्या दाण्याएवढा दिसणारा. पण त्याच्यावरून आमच्या गटात मोठं भांडण होता होता राहिलं, आणि त्यात चूक माझी होती. म्हणून आधी तेच सांगते.

गणपतीचे दिवस होते. आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका मैत्रिणीने व्हिडिओ टाकला. समुद्रकिनारा, डोक्यावर गणपती घेतलेली माणसं, मागून आरती म्हणत येणाऱ्या बायका. खाली लिहिलं होतं ‘गणपती बाप्पा मोरया’ आणि पुढे एक चिमुकला झेंडा. वरून लाल, मग निळा, मग पिवळा आणि खाली हिरवा, असे चार आडवे पट्टे.

गावात निवडणुकीचं वारं होतं. आमच्या गटाचा ठराव आहे की गटात पक्षाचा प्रचार नको. शेवंती काकींनी लगेच आवाज पाठवला, “गो, ह्यो झेंडो खंयच्या पक्षाचो?” मग दुसरी म्हणाली, हे बरं नाही. तिसरी म्हणाली, तिला गटातून काढा. ग्रुपची अ‍ॅडमिन मी. हातात काम होतं, डोक्याला ताप नको म्हणून मी तो व्हिडिओ काढून टाकला आणि वर लिहिलं, “कृपया राजकारण आणू नये.” तिला विचारलंही नाही.

महिन्याच्या बैठकीला ती आली. हप्ता भरला, सही केली आणि हळूच म्हणाली, “ताई, तो पक्षाचा झेंडा नव्हता. तो एका देशाचा आहे. माझा भाऊ बोटीवर कामाला आहे. त्यांची बोट मॉरिशसला लागली होती. तिथल्या गणपतीचा तो व्हिडिओ.”

सगळ्या गप्प. मला तर मान वर करवेना. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. आणि ठरवलं, एवढ्याशा झेंड्याने आपल्याला फसवलं ना, मग त्याची पुरती ओळख करून घ्यायची.

पहिली गंमत ग्रामसंघाच्या ऑफिसात झाली. तोच मेसेज मी तिथल्या कॉम्प्युटरवर उघडला, तर झेंडा गायब! त्याच्या जागी इंग्रजीतली दोन अक्षरं, ‘एम’ आणि ‘यू’. मला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. पण बिघाड नव्हता. मोबाईलमधला देशाचा झेंडा हे खरं तर चित्र नसतंच. आपण झेंडा पाठवतो तेव्हा फोन फक्त दोन खास अक्षरं पाठवतो. प्रत्येक देशाला जगभर मान्य असलेलं दोन अक्षरी लघुनाव आहे. भारताचं ‘आय एन’, मॉरिशसचं ‘एम यू’. समोरच्या फोनला ती जोडी ओळखता आली, की तो आपल्याजवळचा झेंडा काढून दाखवतो. नाही आली, तर नुसती अक्षरं दिसतात. ही अक्षरं आपल्या नेहमीच्या कीबोर्डावरची नव्हेत, झेंड्यांसाठीच राखून ठेवलेली आहेत. म्हणून नुसतं एम-यू टाइप केलं तर झेंडा उमटत नाही. आणि जोडीतलं एक अक्षर बदललं की देशच बदलतो. ‘एम यू’ऐवजी ‘एम आर’ झालं, की मॉरिशस जाऊन आफ्रिकेतला मॉरिटानिया येतो.

हे असं का केलं, तेही ऐकण्यासारखं आहे. मोबाईलवरची ही छोटी चित्रं, म्हणजे इमोजी, जपानमध्ये वाढली. तिथल्या फोनमध्ये सुरुवातीला फक्त दहा देशांचे झेंडे होते. जपान, अमेरिका, चीन, रशिया असे मोठे मोठे. आपला तिरंगासुद्धा त्यात नव्हता. पुढे ही इमोजी साऱ्या जगासाठी घ्यायची वेळ आली. हे काम युनिकोड नावाची व्यवस्था बघते. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ती ठरलेला क्रमांक देते. तुमच्या फोनवर मराठी नीट उमटतं तेही तिच्यामुळेच. मग प्रश्न आला, दहाच देश का? बाकीच्यांनी काय करायचं? त्यावर २०१० मध्ये तोडगा निघाला. झेंडे न निवडता २६ अक्षरंच देऊन टाकली. ज्याचं लघुनाव आहे त्याचा झेंडा त्यातून होईल. त्यामुळे केवढाही छोटा देश असो, त्याला जागा मिळाली.

आणि मॉरिशस छोटाच आहे. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला. साऱ्या देशाची जमीन मिळून सुमारे २,००० चौरस किलोमीटर. आपला सिंधुदुर्ग जिल्हा याच्या दुपटीहून मोठा. तिथली लोकवस्ती मात्र साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या जिल्ह्याहून जास्त.

आता एकेक पट्टा बघू.

वरचा लाल पट्टा स्वातंत्र्याच्या लढ्याचा. या बेटावर आधी डच आले, मग फ्रेंच, मग १८१० मध्ये इंग्रज. फ्रेंचांच्या काळात मादागास्कर आणि आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. पण उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. ते आणले भारतातून. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. या कराराला, इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’ला, आपली माणसं ‘गिरमिट’ म्हणू लागली. पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं अशी तिथे उतरली. ज्या सोळा पायऱ्या चढून ती आत गेली, ती जागा ‘आप्रवासी घाट’ म्हणून आज जागतिक वारसा आहे.

मळ्यातला एक नियम सांगते. मजूर एक दिवस गैरहजर राहिला, की दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप असो, काही असो. उचल घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या लाल पट्ट्यात एक बाई आहे. अंजली कूपेन तिचं नाव, तिथे अंजले म्हणतात. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल या उसाच्या मळ्यात मजुरांनी मजुरीसाठी संप केला. २७ सप्टेंबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात मरण पावलेल्यांत अंजले होती, तेव्हा ती गरोदर होती. आज तिथलं एक मोठं मैदान तिच्या नावाने आहे.

दुसरा निळा पट्टा हिंदी महासागराचा. हाच समुद्र आपल्या वेंगुर्ल्याला, मालवणला लागतो. गिरमिटावर गेलेल्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. जाताना त्यांनी सामान ते काय नेलं असणार? पण बोली नेली, जाखडीचा नाच नेला, गणपती नेला. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरात जास्त करून तिथली क्रिओल भाषा बोलतात, तरी शाळेत मुलांना मराठी शिकता येतं. आणि मराठी माणसं तिथे मूठभर असूनही गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सरकारी सुट्टी असते. आमच्या मैत्रिणीचा व्हिडिओ त्याच सुट्टीचा होता.

तिसरा पिवळा पट्टा स्वातंत्र्याच्या नव्या उजेडाचा. १२ मार्च १९६८ रोजी पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर इंग्रजांचा झेंडा उतरला आणि हा चढला. तारीख मुद्दाम निवडलेली. १९३० मध्ये गांधीजी दांडी यात्रेला निघाले तो दिवस १२ मार्चचा. त्याआधी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून भारतात येताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले होते, तिथल्या मजुरांची दशा त्यांनी बघितली होती. तिथल्या लोकांनी ती आठवण अशी जपली.

चौथा हिरवा पट्टा शेतीचा, आणि बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या जमिनीचा. ज्या उसासाठी माणसं फरफटत आणली, त्याच उसाचा हा रंग. मला हा पट्टा सगळ्यात जास्त आवडला. हातावर घट्टे पडलेल्यांनीच त्याचं झेंड्यावरचं चिन्ह करून घेतलं.

ही झाली सरकारी कागदावरची ओळख. पण लोक या रंगांत आणखी एक गोष्ट बघतात, आणि ती ऐकल्यावर मला शेवंती काकींची आठवण झाली. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९६७ मध्ये, तिथे निवडणूक झाली. प्रश्न एकच, स्वतंत्र व्हायचं की नाही? सुमारे ५६ टक्के लोकांनी हो म्हणणाऱ्यांना मत दिलं, ४४ टक्क्यांनी नको म्हणणाऱ्यांना. म्हणजे दर शंभरातली चव्वेचाळीस माणसं धास्तावलेली. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपलं काय होईल, अशी भीती इतर समाजांतल्या बऱ्याच जणांना होती. जानेवारी १९६८ मध्ये तर पोर्ट लुईत दंगल पेटली, इंग्रज सैन्य आणावं लागलं. आणि दोन महिन्यांत झेंडा फडकवायचा होता!

त्या झेंड्यात जिंकलेल्या मजूर पक्षाचा लाल रंग होता. पण स्वातंत्र्याला विरोध करून हरलेल्या पक्षाचा निळा रंगही होता. पिवळा आणि हिरवा हेही तेव्हाच्या पक्षांचे रंग म्हणून ओळखले जात. म्हणजे “ह्यो खंयच्या पक्षाचो?” हा काकींचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. उत्तर फक्त असं की, कुठल्या एकाचा नाही, सगळ्यांचा. आणि चारही पट्टे अगदी सारख्या रुंदीचे. वर ना देऊळ, ना चर्च, ना चाँदतारा. मापात कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही.

मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या खजिनदार म्हणाल्या, “म्हणजे आपल्या हप्त्यासारखंच. पाटलीणबाईंचेही शंभर आणि माझेही शंभर.” यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं. सारखे पट्टे ओढले म्हणून त्या देशातली भांडणं संपली असं नाही. पण हरलेल्यालाही झेंड्यात त्याचा पट्टा बोट दाखवून सांगता येतो. गटातही ज्या बाईचा ठराव पडतो ती पुढच्या बैठकीला यायला हवी असेल, तर तिच्यासाठी सतरंजीवर तेवढीच जागा राहिली पाहिजे. मी त्या मैत्रिणीला न विचारता तिचा व्हिडिओ काढला, तेव्हा तिची जागाच पुसली होती.

शेवटची गोष्ट, हा झेंडा रेखाटला कुणी? गुरुदत्त मोहेर नावाच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाने. ते २०१७ मध्ये वारले, नव्वदी ओलांडलेले. सरकारने त्यांच्या या कामाचा सन्मान केला तो २०१८ मध्ये, झेंडा फडकल्याला पन्नास वर्षं झाल्यावर. ते बघायला ते नव्हते. मैत्रिणींनो, आपल्या इतिवृत्ताच्या वहीत आपण लिहितो, ‘गटाने पापड केले, गटाने स्टॉल लावला.’ पीठ कुणी मळलं, स्टॉलवर उन्हात कोण उभी राहिली, ते नाव लिहीत नाही. आम्ही त्या बैठकीपासून नावं लिहायला लागलो. तुम्हीही लिहा, आणि ज्या त्या वेळीच लिहा.

तो व्हिडिओ मी तिला पुन्हा टाकायला सांगितला. तिने टाकला. या वेळी शेवंती काकींनी उत्तरादाखल दोन झेंडे पाठवले, एक तिरंगा आणि शेजारी चार पट्ट्यांचा. नातवाला विचारून, स्वतःच्या बोटाने शोधून. खाली आवाजात एवढंच म्हणाल्या, “आपलीच माणसां ती.”

बरं तर, पुढच्या वेळी फोनवर अनोळखी झेंडा दिसला, तर पुसायच्या आधी पाठवणारीला विचारा. नमस्कार.