कारण कळलं, तर यकृत वाचतं

कावीळ झाली की आपल्याकडे पहिला आठवडा पथ्यातच जातो. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू, गळ्यात कुणीतरी मंतरलेली माळ घालतं. माळ लांबली की कावीळ उतरली, असा समज. (खरं तर माळेतल्या काड्या वाळून दोरा सैल होतो, म्हणून ती लांबते.) बहुतेकांची कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते, ती आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. थोड्यांची मात्र उतरत नाही. हा आठवडा महागात पडतो तो त्यांना.

धडधाकट माणसाचं यकृत काही दिवसांत वा आठवड्यांत कोलमडतं, तेव्हा त्याला अक्यूट लिव्हर फेल्युअर म्हणतात. घरोघरी बिलिरुबिनचा आकडा पाठ असतो, पण डॉक्टर बघतात ते दुसरंच. रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी १.५ किंवा त्याहून वर गेली आहे का आणि मेंदूवर परिणाम झालाय का? हे दुसरं बरेचदा घरच्यांच्याच आधी लक्षात येतं. पेशंट दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा राहतो, विनाकारण चिडतो, रोजचा हिशेब चुकतो. हात पुढे धरून मनगटं वर उचलायला सांगितलं, तर पंजे फडफडत खाली येतात. असं काही दिसलं की तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून वाट पाहण्यात अर्थ नाही. यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेलं रुग्णालय त्याच दिवशी गाठायला हवं.

कारणं देशागणिक बदलतात. ब्रिटन-अमेरिकेत अतिरिक्त पॅरासिटामॉल हे मोठं कारण. त्यावरचा एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा १९७०च्या दशकात एडिंबरात रूढ झाला आणि १९९८मध्ये ब्रिटनने गोळ्यांच्या पाकिटांचा आकारच कायद्याने छोटा केला. आपल्याकडे मुख्य आरोपी आहे दूषित पाणी. १९५५-५६मध्ये यमुनेत सांडपाणी शिरलं आणि दिल्लीत सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. तो विषाणू नेहमीचा ‘ए’ नव्हता, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कितीतरी वर्षांनी कळलं. हाच हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर उठतो. २०१२मध्ये काविळीच्या साथीत इचलकरंजीने त्याची किंमत मोजली. नळाचं पाणी हा यकृताचाच प्रश्न आहे, हे नगरपालिकांना अजून पटलेलं दिसत नाही.

दुसरं कारण क्षयाची औषधं. ती घेताना मळमळ, अन्नावरची वासना जाणं, डोळे पिवळे होणं असं झालं, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. तिसरं, पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारायची पेस्ट. ती पोटात गेल्यावर आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस पेशंट चांगला वाटतो, घरचे निर्धास्त होतात आणि त्यानंतर यकृत ढासळतं. तिच्यावर उतारा नाही. तमिळनाडूने ती विकायला बंदी घातली, तशी ती सगळीकडेच हवी.

कारणाचा एवढा पिच्छा पुरवायचा, कारण उपचार त्यावरच ठरतो. हर्पीसचा संशय आला तरी अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर सुरू करतात. हिपॅटायटिस बीवर विषाणूरोधक गोळ्या आहेत. गरोदरपणातल्या चरबीयुक्त यकृतावर उपाय एकच, लवकर प्रसूती. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठतं. त्याने यकृत असं अचानक कोसळलं, तर बहुधा प्रत्यारोपणाशिवाय गत्यंतर नसतं.

आयसीयूतलं शास्त्रही पुढे गेलंय. मेंदूला येणारी सूज हा मोठा शत्रू, म्हणून ती वाढवणारा रक्तातला अमोनिया उतरवायला डायलिसिस आणि दर थोड्या वेळाने साखरेवर नजर. रक्तस्राव नसताना निव्वळ आयएनआर सुधारण्यासाठी प्लाझ्मा चढवत नाहीत, कारण यकृताची खरी अवस्था सांगणारा आकडाच त्यामुळे झाकला जातो. मोठ्या प्रमाणावर प्लाझ्मा बदलण्याचा १८२ रुग्णांवरचा युरोपीय अभ्यास २०१६मध्ये आला. त्यात जगण्याचं प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांवरून ५९वर गेलं. २००९च्या अमेरिकी अभ्यासात पॅरासिटामॉलशिवायच्या कारणांतही एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन उपयोगी पडलं, पण गुंगी सौम्य असेपर्यंतच. खोल बेशुद्धीत त्याचा लाभ दिसला नाही.

पुन्हा कारणाकडे वळू. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या केसेस २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी मांडल्या, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद होत राहील. पेशंटला दाखल करताना मात्र गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेलं सगळं, म्हणजे गोळ्यांची रिकामी पाकिटं, काढ्याच्या बाटल्या, वैदूच्या पुड्या, जिमची पावडर, एका पिशवीत भरून सोबत न्या आणि काही न लपवता डॉक्टरांपुढे ठेवा.