इंडोनेशियातील तरुणांच्या भाषा

इंडोनेशियात सातशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेने मलय भाषेवर आधारलेल्या ‘बहासा इंडोनेशिया’ला एकतेची भाषा मानले. सर्वाधिक बोलली जाणारी जावानीज तेव्हा बाजूला राहिली, आणि ते शहाणपणाचेच ठरले.

आज याच जावानीजपुढे खरी अडचण आहे. तिच्यात समोरच्याच्या मानाप्रमाणे शब्दच बदलतात. मित्रांत जेवण्याला ‘मांगान’ म्हणतात; वडीलधाऱ्यांशी बोलताना स्वतःच्या जेवणाला ‘नेधा’ आणि त्यांच्या जेवणाला ‘धाहार’. स्वतःसाठी ‘धाहार’ वापरले की फजितीच. अशी चूक होण्यापेक्षा अनेक तरुण आजी-आजोबांशी सरळ इंडोनेशियन बोलतात. शहरांतले अनेक पालकही मुलांशी हीच भाषा बोलतात, त्यामुळे आदरार्थी जावानीज त्यांच्या कानावर पडते ती बहुधा लग्नकार्यात.

पण इंडोनेशियनचीही दोन रूपे आहेत. पुस्तकातला नकार ‘तिडाक’, बोलण्यातला ‘ङ्गाक’. जकार्ताच्या बोलीतला ‘मी’ म्हणजे ‘गुए’. तो होक्कियन चिनीतून आला आणि वर्गात चालत नाही. गप्पांत क्रियापदांचे उपसर्ग सर्रास गळतात, निबंधात मात्र ते जागच्या जागी लागतात.

इंग्रजी शिकताना काळ छळतो. इंडोनेशियन क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘काल’ किंवा ‘आधीच’ अशा अर्थाचा शब्द जोडला की भागते. तरीही दक्षिण जकार्तातील तरुणांचे इंग्रजीमिश्रित बोलणे प्रसिद्ध आहे, आणि त्याची टिंगलही तितकीच होते.