सेवाग्राममधील कलावंत

सेवाग्राममधील कलावंत या लेखात वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम (पूर्वीचे नाव शेगाव) या खेड्यात मुख्यतः १९३६ ते १९६२ या काळात राहून काम केलेल्या कलावंतांची व त्यांच्या कार्याची माहिती दिली आहे. महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे सेवाग्राम हे स्वातंत्र्यचळवळीचे आणि रचनात्मक कार्याचे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र या खेड्यात वास्तुरचना, भित्तिकाम, छायाचित्रण, चित्रकला, कुंभारकाम आणि मुलांचे कलाशिक्षण या क्षेत्रांतही महत्त्वाचे काम झाले. मीराबेन, छायाचित्रकार कनू गांधी आणि चित्रकार व कुंभकार देवी प्रसाद ही त्यांतील प्रमुख नावे होत. कला ही गावाच्या रोजच्या जीवनापासून वेगळी काढता येत नाही, ही धारणा या सर्वांच्या कामात समान दिसते.

पार्श्वभूमी

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावरील शेगाव हे काळ्या मातीचे, कोरडवाहू शेतीचे लहान खेडे होते. गावाच्या लोकसंख्येत दलितांचे प्रमाण मोठे होते आणि जमनालाल बजाज यांची येथे मालगुजारी होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी येथे राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव या नामसाधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव 'सेवाग्राम' करण्यात आले.

त्याआधीच, डिसेंबर १९३४ मध्ये, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती. वर्ध्यातील मगनवाडी येथे जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागद, तेलघाणी आदी उद्योगांवर प्रयोग चालू होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ग्रामीण कारागिरांची साधने व वस्तू राजवाड्यातील मौल्यवान वस्तूंप्रमाणे जतन करून मांडणे, ही या संग्रहालयामागील दृष्टी होती. सेवाग्राममध्ये पुढे आलेल्या कलावंतांना ही पार्श्वभूमी तयार मिळाली. येथे 'कलावंत' आणि 'कारागीर' यांच्यात मोठी दरी मानली जात नव्हती.

फैजपूर आणि हरिपुरा येथील प्रयोग

खेड्यातील साधनांतून कला निर्माण करण्याचा प्रयोग सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर काँग्रेसच्या अधिवेशनांत झाला. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर (सध्याचा जळगाव जिल्हा) येथे खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. त्याच्या सजावटीसाठी गांधींनी शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना पाचारण केले. बांबू, गवत, माती अशा स्थानिक साहित्यातून तेथील अधिवेशननगर सजले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चारशे चित्रफलक तयार केले. त्यांपैकी ऐंशीहून अधिक फलक नंदलाल बोस यांनी स्वतः रंगविले होते. हातकागदावर मातीच्या रंगांत काढलेल्या या चित्रांत शेतकरी, सुतार, कातणारी स्त्री, ढोलकीवाला, कुस्तीगीर असे ग्रामजीवनातील विषय होते. अधिवेशनास आलेल्या खेडुतांना आपलेच व्यवसाय चित्रांत दिसावेत, हा त्यामागील हेतू होता. अधिवेशने संपली की ही नगरेही उठत असत. एकाच खेड्यात वर्षानुवर्षे राहून असे काम करण्याचा प्रयत्न पुढे सेवाग्राममध्ये झाला.

वास्तू व भित्तिकाम

सेवाग्राम आश्रमातील 'आदिनिवास', 'बापू कुटी' इत्यादी वास्तू माती, बांबू, लाकूड व कवेलू अशा परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून आणि स्थानिक कारागिरांच्या हातून उभ्या राहिल्या. जाड मातीच्या भिंती, उतरती छपरे आणि भोवतालचे ओटे यांमुळे विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात आतील भाग तुलनेने थंड राहतो.

आज 'बापू कुटी' म्हणून ओळखली जाणारी झोपडी मूळची मीराबेन (पूर्वाश्रमीच्या मॅडलिन स्लेड) यांच्यासाठी बांधली गेली होती. तिची रचनाही त्यांनीच केली होती. १९२५ मध्ये इंग्लंडहून भारतात आलेल्या मीराबेन आश्रम उभा राहण्यापूर्वीपासून या परिसरात ग्रामसेवेचे काम करीत होत्या. कुटीच्या भिंतींवर त्यांनी मातीतून झाडे, चरखा आदींची उठावचित्रे घडविली. हे काम चौकटीत बसविलेले नाही. ज्या मातीने भिंत लिंपली, त्याच मातीतून ते उमटले आहे. मातीच्या भिंतींचे लिंपण वेळोवेळी नव्याने करावे लागत असल्याने त्यांवरील काम टिकविणे हे एका व्यक्तीच्या नव्हे, तर निगा राखणाऱ्या अनेक हातांच्या स्वाधीन असते. तत्त्वचिंतक इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे दिलेल्या भाषणात या कुटीचा साधेपणा हाच विवेचनाचा विषय केला होता.

कनू गांधी यांचे छायाचित्रण

गांधींचे नातेवाईक असलेले कनू गांधी (१९१७–१९८६) हे आश्रमात पत्रव्यवहार व हिशेब यांसारखी कामे पाहत. छायाचित्रणाची आवड निर्माण झाल्यावर घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी कॅमेरा घेतला. गांधींनी त्यांना तीन अटींवर परवानगी दिली. प्रकाशझोत वापरायचा नाही, छायाचित्रासाठी उभे राहण्यास सांगायचे नाही आणि खर्चाचा भार आश्रमावर टाकायचा नाही, अशा त्या अटी होत्या.

या अटींचा परिणाम चित्रांच्या स्वरूपावर झाला. झोपडीतील मंद प्रकाश, चालताना पाठमोरी दिसणारी माणसे, अंधुक कोपरे ही कनू गांधी यांच्या चित्रांची वैशिष्ट्ये बनली. औपचारिक प्रसंगांपेक्षा आश्रमातील दिनक्रम त्यांत अधिक आढळतो. कुष्ठरोगाने आजारी असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांची गांधी शुश्रूषा करीत असतानाचे छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. १९३८ ते १९४८ या दशकातील हे छायाचित्रण आश्रमातील रहिवाशानेच केलेले असल्याने सेवाग्रामच्या इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन ठरते.

नई तालीममध्ये कलेचे स्थान

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हस्तव्यवसायावर आधारित शिक्षणाची योजना मांडली. मातृभाषा, गणित, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांच्या बरोबरीने चित्रकला व संगीत यांचा समावेश या अभ्यासक्रमात होता. योजना राबविण्यासाठी 'हिंदुस्तानी तालीमी संघ' स्थापन झाला. त्याचे कार्य सेवाग्राम येथे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् या दांपत्याने सांभाळले. दोघांनीही पूर्वी शांतिनिकेतनात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या सहवासात काम केले होते. त्यामुळे सेवाग्रामच्या शाळेत गांधींचा श्रमविचार आणि शांतिनिकेतनाची कलादृष्टी यांचा संगम होऊ शकला.

या संगमात ताणही होता. रवींद्रनाथांनी १९३७ मध्येच वर्धा योजनेविषयी शंका व्यक्त केली होती. कागदावर दिसणारी योजना व्यक्तिमत्त्वाच्या विकासापेक्षा भौतिक उपयुक्ततेला अधिक महत्त्व देते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. मुलांनी कातलेल्या सुताच्या किमतीतून शाळेचा खर्च भागवावा, या कल्पनेवरही देशभर चर्चा झाली. गरीब घरातील मुलाच्या वाट्याला केवळ उपयोगी कामच यावे की चित्र, रंग व आनंद यांवरही त्याचा तेवढाच हक्क असावा, हा या वादाचा गाभा होता.

देवी प्रसाद यांचे कार्य

देहरादून येथे १९२१ मध्ये जन्मलेले देवी प्रसाद हे शांतिनिकेतनातील कलाभवनाचे विद्यार्थी होते (१९३८–१९४४). तेथे त्यांना नंदलाल बोस यांचे मार्गदर्शन लाभले. १९४४ मध्ये ते कलाशिक्षक म्हणून सेवाग्राममध्ये आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्या पुढाकाराने सेवाग्राममध्ये 'कलाभवन' उभे राहिले. चित्रकलेबरोबरच कुंभारकाम व छायाचित्रण ही त्यांची माध्यमे होती. 'नई तालीम' या नियतकालिकाच्या संपादनातही त्यांचा सहभाग होता.

मुलाचे चित्र म्हणजे प्रौढाच्या चित्राची कच्ची नक्कल नव्हे, हे देवी प्रसाद यांच्या अध्यापनाचे मूलतत्त्व होते. लहान मूल डोळ्यांना दिसते त्यापेक्षा मनाला जाणवते ते काढते. उदाहरणार्थ, बाजूने पाहिलेल्या बैलगाडीची दोन्ही चाके ते शेजारी शेजारी दाखविते, कारण गाडीला दोन चाके असतात हे त्याला ठाऊक असते. आईचे चित्र घरापेक्षा मोठे येते, कारण त्याच्या जगात आई मोठी असते. शिक्षकाने फळ्यावर नमुना काढून त्याची नक्कल करून घेतल्यास ही स्वाभाविक भाषा लोप पावते. म्हणून साहित्य व अवसर उपलब्ध करून देणे, मुलाचे निरीक्षण करणे आणि वाढीच्या टप्प्यांचा आदर राखणे ही शिक्षकाची कामे ठरतात. याच काळात पाश्चात्त्य जगातही असा विचार मांडला जात होता. इंग्रज समीक्षक हर्बर्ट रीड यांचा 'एज्युकेशन थ्रू आर्ट' हा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

वर्धा योजनेतील मूळ ताणाला देवी प्रसाद यांनी आपल्या परीने उत्तर दिले. हस्तव्यवसाय आणि कला यांना त्यांनी परस्परविरोधी मानले नाही. मडके घडविताना हाताला मातीचा अंदाज यावा लागतो, आकार डोळ्यांना पटावा लागतो आणि वस्तू वापरातही उतरावी लागते. उपयोग व सौंदर्य या दोन्ही कसोट्या एकाच कृतीत लागतात. मात्र वस्तूच्या विक्रीमूल्यावरून मुलाच्या कामाची पारख करणे या विचारात बसत नाही.

या अनुभवांवर आधारित 'बच्चों की कला और शिक्षा' हे हिंदी पुस्तक त्यांनी लिहिले. 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केले. १९६२ मध्ये ते 'वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल' या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस म्हणून लंडनला गेले. पुढे भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीत कुंभारकाम व लेखन चालू ठेवले. २००७ मध्ये त्यांना 'ललित कला रत्न' हा सन्मान मिळाला. १ जून २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

नंतरचा काळ

गांधींनी १९४६ मध्ये सेवाग्राम सोडले आणि ते पुन्हा येथे परतले नाहीत. तालीमी संघ १९५९ मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला. त्यानंतर देवी प्रसाद यांचेही प्रयाण झाल्यावर कलाशिक्षणाचे काम क्षीण होत गेले. शासकीय शाळांमध्ये बुनियादी शिक्षणाचा विस्तार झाला, परंतु अनेक ठिकाणी ते तकली व चरख्याच्या तासापुरते उरले. चित्रकला हा विषय बहुतांशी नमुन्यावरून नक्कल करण्याकडे वळला.

२००५ मध्ये नई तालीम समितीने सेवाग्राम येथे 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. शेती, स्वयंपाक, विणकाम यांच्या बरोबरीने कलेलाही तेथील अध्यापनात स्थान आहे. वर्ध्यातील मगन संग्रहालयाने नैसर्गिक रंगांत रंगविलेल्या खादीचे काम पुढे नेले आहे.

महत्त्व

सेवाग्राममधून विशिष्ट 'चित्रशैली' निर्माण झाली नाही. फैजपूर व हरिपुरा येथे काही दिवसांसाठी साकारलेली कल्पना येथे सुमारे पाव शतक रोजच्या व्यवहारात तपासली गेली, हे या कार्याचे वेगळेपण होय. लिंपलेली भिंत, मंद प्रकाशातील छायाचित्र आणि खेड्यातील मुलाने नमुन्याशिवाय काढलेले चित्र हा या कार्याचा वारसा आहे. त्यांपैकी पहिली दोन आजही पाहता येतात. तिसऱ्याचे अस्तित्व मात्र प्रत्येक पिढीतील शिक्षकांवर अवलंबून असते.

हेही पहा

सेवाग्राम आश्रम
नई तालीम
मगन संग्रहालय
नंदलाल बोस
मीराबेन