एक चिलर, अनेक टाक्या

माढ्यात डेअऱ्यांचे बल्क कूलर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. परवा नाशिककडच्या एका वायनरीत गेलो आणि तिथल्या ग्लायकॉल चिलरसमोरून पाय निघेना.

द्राक्षाचा रस आंबताना यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, त्यातून उष्णता निघते. टाकी मोठी असली की ती आतच कोंडते. पारा 35 अंशांपुढं गेला की यीस्ट दमतं, आंबणं अर्ध्यावर अडू शकतं. स्वाद तर त्याआधीच जातो. व्हाइट वाइनला साधारण 12 ते 18 अंश लागतात, रेडला 25 ते 30.

दुधाच्या कूलरमध्ये गॅस थेट टाकीच्या तळाशी फिरतो. दूध 4 अंशांवर आलं की झालं. इथं प्रत्येक टाकीचं तापमान वेगळं. म्हणून एकच चिलर ग्लायकॉल मिसळलेलं पाणी शून्याखाली नेतो आणि पंप ते सगळीकडे फिरवतो. रस तापला की सेन्सर कळवतो, त्या टाकीचा व्हॉल्व्ह 'टक्' करून उघडतो, दुहेरी भिंतीत थंडावा शिरतो. बघता बघता पाइपावर दव धरलं. काय नेमकं काम!

नुसतं पाणी असतं तर गोठून चिलर फुटला असता. सुमारे एक तृतीयांश प्रॉपिलीन ग्लायकॉल, तेही फूड ग्रेडच घ्यायचं. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथं कधीच वापरू नका.

आणि हो, महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय वाइन-बिअर बनवता येत नाही.

चिलर, कूलरबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.