किमान शिल्लक आणि खातेदाराचा हक्क

कुंभकोणम्‌जवळील तिरुविसनल्लूर हे तंजावरच्या शहाजीराजांनी विद्वानांना दान दिलेले गाव. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या बचत खात्यात किमान शिल्लक उरली नाही, तर काही बँका दंड आकारतात. परंतु रिझर्व्ह बँकेने २०१४ साली घालून दिलेल्या नियमानुसार आधी सूचना देऊन महिन्याची मुदत द्यावी लागते. दंड तुटीच्या प्रमाणातच असावा लागतो आणि केवळ त्यापायी खाते उणे होता कामा नये. नियम मोडून कापलेली रक्कम परत मागता येते. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास तंजावरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. बँकेचे मुख्यालय मुंबईत का असेना, २०१९ च्या कायद्याने तक्रारदारास राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. वकील अनिवार्य नाही. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे.