रंगाआधीचा पत्रा

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या माणसाला खाऱ्या पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा त्याच्या जिभेला ठाऊक असतो. बोअरचं पाणी पिण्याच्या कामाचं नाही, पिकाला मानवत नाही; मग ते धुण्याला वापरतात. अंगण धुतात, गाडीही धुतात. हे पाणी वाळलं की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. तोच थर गाडीच्या चाकावरच्या कमानीत आणि दाराच्या खालच्या घडीत बसत राहतो.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरतात. त्यात मीठ असलं की गंजाचा वेग कितीतरी वाढतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो.

मारुती ८०० आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. आपल्याकडे त्या अजून जिवापाड जपल्या जातात आणि हौसेने रंगवल्याही जातात. पण फोड खरवडायचा, पुट्टी भरायची, वर रंग मारायचा, एवढ्याला डेंटिंग-पेंटिंग म्हटलं की मला वाईट वाटतं. पुट्टी ओल शोषते. खाली गंज जिवंत असेल तर पावसाळ्यानंतर तोच फोड त्याच जागी पुन्हा उगवतो.

म्हणून सुरुवात धुण्यापासून, आणि तीही गोड्या पाण्याने. पायाखालचे मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी चाक काढा. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. आपल्या काळ्या मातीच्या चिखलाने ती बुजतात आणि दार आतून ओलं राहतं. ती तारेने मोकळी करा. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यावर दाबून पाहा. टोक आत गेलं तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग करण्यावाचून उपाय नाही.

पत्रा शाबूत असेल तर वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. बारीक खड्ड्यांत काळा गंज उरतो आणि मीठ तिथेच दडतं. पुन्हा धुवा, कोरडं करा, रात्रभर थांबा. सकाळी खड्ड्यांत नारिंगी ठिपके दिसले तर मीठ अजून आहे, असं समजून पुन्हा धुवायचं. ही एक रात्र गॅरेजवाला क्वचितच देतो, कारण गाडी जागा अडवते. आपणच ती मागून घ्यायची.

खड्ड्यातला उरलेला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने लोहाच्या फॉस्फेटमध्ये बदलतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं टिकला, त्यामागेही फॉस्फरसच आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर दीर्घ संशोधन केलं. स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर तयार झाला. गाडीवर आम्ल लावताना हातमोजे घाला आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते पूर्ण काढून टाका. उरलं तर वरचा प्रायमर धरत नाही.

त्यानंतर उघड्या पत्र्याला बोट लावायचं नाही, कारण घामातही मीठ असतं. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा. नुसत्या रेड ऑक्साइडच्या एका हातावर माझा विश्वास नाही. पुट्टी इपॉक्सीच्या वर भरावी. काही पेंटर उलट करतात, पण पत्र्याला थेट चिकटायला हवा तो प्रायमर. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथे गंजरोधक मेण फवारून घ्यावं, भोकं तेवढी मोकळी ठेवून.

काम काढायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. हवा कोरडी असते, ऊन अजून भाजत नाही, आणि कापूस-तुरीचे पैसे हातात आलेले असतात. गाडी गॅरेजला सोडताना मिस्त्रीला एवढं सांगून या: प्रायमर मारण्याआधी मला फोन करा, मी पत्रा बघायला येतो.