अंगणातला तलाव आणि कोटेशनमधल्या रिकाम्या जागा

अर्नाळा, राजोडी, कळंब, नवापूर या वसईच्या किनारपट्टीवर पाटी वाचायला मान वळवावी तिकडे रिसॉर्ट, आणि रिसॉर्ट म्हटले की निळ्या टाइल्सचा तलाव आलाच. तिथे एखादा रविवार काढून आलेल्या माणसाला आपल्या बंगल्यामागच्या मोकळ्या जागेतही तसाच एक तलाव दिसू लागतो. मग तीन कंत्राटदार येऊन टेप लावतात, चहा घेतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकेका पानाचे कोटेशन पाठवतात. तिघांच्या आकड्यांत लाखांचा फरक असतो. घरातले सगळे मिळून शेवटची ओळ वाचतात, सर्वांत कमी आकड्याभोवती पेनाने गोल होतो आणि विषय संपतो.

वसईत हा विषय असा संपत नाही, कारण तलावाचा निम्मा प्रश्न जमिनीखालच्या पाण्याचा आहे आणि एका पानाच्या कोटेशनमध्ये त्याविषयी सहसा एक ओळही नसते. हिशेबासाठी एक माप धरू. आतून ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर खोल. तळ आणि भिंती २० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या. यात ४३,२०० लिटर पाणी मावते. पुढचे बहुतेक आकडे यातूनच निघतात. वही घेऊन बसलात तर स्वतः पडताळता येतील.

‘ज्याचा भाव कमी, त्याला काम’

एवढ्या तलावाला तळ आणि भिंती मिळून सुमारे १४ घनमीटर काँक्रीट लागते. आतून टाइल्स लावायच्या तर ६४ चौरस मीटर. सळई साधारण सव्वा ते दीड टन. हे तीन आकडे मनाशी ठेवून तिन्ही कोटेशने शेजारी-शेजारी मांडा. कुणी काँक्रीट ११ घनमीटर धरले असेल तर भिंत पातळ झाली किंवा तळ पातळ झाला. कुणी परिमाणच दिले नसेल, नुसते ‘लमसम’ लिहिले असेल, तर त्याच्या स्वस्तपणाला काही अर्थ उरत नाही; तो नक्की काय स्वस्त देतोय हेच कळत नाही.

आता खोदाई. काम करायला चारी बाजूंनी जागा धरून ९.५ बाय ५.५ मीटरचा, १.८ मीटर खोल खड्डा घेतला तर ९४ घनमीटर, म्हणजे सुमारे ३३ ब्रास. खणलेली माती फुगते, त्यामुळे डंपरमध्ये ती ४० ब्रासच्या आसपास भरते. ती कुठे टाकायची? गाडी कुणाची? बाहेर न्यायची तर गौण खनिजाचे स्वामित्वधन आणि वाहतुकीचा पास कोण काढणार? कोटेशनमध्ये नुसता ‘खोदाई’ हा शब्द असेल तर हे सगळे ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून येणार, हे धरून चाला.

रेल्वेच्या पश्चिमेला गास, नाळे, निर्मळ, भुईगावकडे रेती, गाळ आणि वर आलेले पाणी; पूर्वेला कामण, पेल्हार, शिरसाडकडे तुंगारेश्वरच्या पायथ्याचा मुरूम आणि खाली काळा पत्थर. पूर्वेला ‘खडक लागल्यास दर वेगळा’ ही अट बघा आणि तो दर आजच लिहून घ्या, ब्रेकर लागल्यावर नाही. पश्चिमेला खडकाची अट निरुपयोगी; तिथे ‘पाणी उपसणे’ कुणाच्या खर्चाने आणि किती दिवस, हे बघायचे. एकच छापील कोटेशन दोन्हीकडे पाठवणारा कंत्राटदार तुमची जागा न बघताच गेला आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

शेवटी जीएसटी. सामान आणि मजुरी एकत्र धरलेल्या अशा कामाच्या ठेक्यावर १८ टक्के लागतो. एकाने तो धरलेला आणि दुसऱ्याने बारीक अक्षरात ‘टॅक्स वेगळा’ लिहिलेले, असे असेल तर तुम्ही दोन वेगळ्याच गोष्टींची तुलना करताय.

‘पावसाळ्यात रिकामा ठेवला की काळजी मिटली’

याहून महागात पडणारा गैरसमज या विषयात नाही.

होडी पाण्यावर का तरंगते हे वसईच्या कोळीवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. रिकामा तलाव म्हणजे जमिनीत रुतलेली काँक्रीटची होडीच. आपल्या तलावाच्या काँक्रीटचे वजन ३५ टन. प्लास्टर आणि टाइल्स धरून ४० टन समजू. बाहेरून त्याचा तळ ८.४ बाय ४.४ मीटर, म्हणजे जवळजवळ ३७ चौरस मीटर. भोवतीच्या जमिनीतले पाणी तळापासून एक मीटर वर आले की खालून ३७ टनांचा रेटा लागतो. इथवर कशीबशी बरोबरी आहे. पण जुलैत पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी काठाला येतात. पाणी जमिनीच्या पातळीला आले की तळापासूनची उंची दीड मीटरच्या वर जाते आणि रेटा ५७ टनांवर. वर ४० टन, खाली ५७. तलाव उचलला जातो. एका बाजूने सहा इंच वर आला तरी पुरे: पाइप तुटतात, कडेच्या फरशा उखडतात, भिंतीला तडा जातो, आणि तो परत जागेवर बसत नाही.

भरलेल्या तलावात मात्र आणखी ४३ टन पाणी असते, आणि तेच त्याला खाली दाबून ठेवते. म्हणून पावसाळ्यात तलाव भरलेलाच ठेवायचा. साफसफाईसाठी पूर्ण रिकामा करायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळाला गेल्यावर.

कोटेशनमध्ये याची उत्तरे शोधा. तळाची कड भिंतीच्या बाहेर काढून तिच्यावर मातीचा भार घेतला आहे का? तळ जाड केला आहे का? तळाखाली खडीचा थर आणि मुख्य निचऱ्यात दाब-मोकळा करणारा व्हॉल्व्ह आहे का? बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्यापेक्षा वाढला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरचे पाणी आत घेतो. तलाव मळतो, पण जागेवर राहतो. तलावाशेजारी तळापर्यंत जाणारा एक उभा पाइप असावा, म्हणजे रिकामा करण्याआधी आत डोकावून पातळी बघता येते. व्हॉल्व्ह आणि पाइप या किरकोळ खर्चाच्या वस्तू स्वस्त कोटेशनमधून सर्वांत आधी गळतात.

कामाच्या तारखाही याच हिशेबातल्या. खोदाई फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू व्हावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्याआधी तलाव पाण्याने भरलेला असावा. मेअखेरीस नुसते काँक्रीटचे कवच तयार आहे, टाइल्स बाकी, आत पाणी नाही, अशा अवस्थेत पहिला मुसळधार पाऊस आला तर तरंगण्याचा धोका सर्वांत जास्त. काम लांबले तर रात्रंदिवस पंप चालवून पाणी उपसण्याचा खर्च कंत्राटदाराचा, ही ओळ करारात घाला. ती ऐकून जो तोंड वाकडे करील, त्याला पावसाळा कळतो. जो हसून ‘होईल हो सगळं’ म्हणेल, त्याची जास्त चौकशी करा.

पंप-खोलीचेही तेच. जमिनीत खड्डा करून पंप बसवणे दिसायला छान. पण जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि वसई-विरारच्या कितीतरी घरांत पाणी शिरले. मोटर आणि वीजपेटी जोत्याच्या वर हवी.

‘वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणालाय’

गळती आधी काँक्रीटने थांबवायची असते, रसायन नंतर. पाणी साठवणाऱ्या बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे; सळईच्या काँक्रीटला ते किमान एम-३० दर्जा सांगते. कोटेशनमध्ये एम-२० दिसले तर तो घराच्या स्लॅबचा दर चिकटवून मोकळा झाला आहे. तळ आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी ओतणार असतील तर त्या सांध्यात पाणी अडवणारी पट्टी आहे का, तेही विचारा. पाणी बहुधा तिथूनच वाट काढते.

वसईत आणखी एक पेच: मीठ. सळईच्या काँक्रीटमध्ये कालवण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे आयएस ४५६ सांगते. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचे पाणी ही मर्यादा सहज ओलांडू शकते. खाडीच्या रेतीचे तेच. न धुता वापरली तर मीठ काँक्रीटच्या आतच राहते. सळई आतून गंजते, फुगते आणि काही वर्षांनी टाइल्स मागून ढकलते. तेव्हा ‘बांधकामाचे पाणी मालकाने पुरवायचे’ ही निरुपद्रवी दिसणारी अट नीट बघा. पुढे गंज चढला तर बोट तुमच्या विहिरीकडे दाखवले जाईल. प्रयोगशाळेत पाण्याचा एक नमुना तपासून अहवाल फाइलला लावा, किंवा तयार काँक्रीटच मागवा.

‘विहीर आहे, पाण्याची कसली चिंता’

४३,००० लिटर म्हणजे १०,००० लिटरचे चार-साडेचार टँकर. तेवढे विहिरीतून काढता येईलही. पण किनाऱ्याजवळ गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि समतोलाचा हिशेब असा की गोड्याची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. टँकरसाठी विहिरी उपसल्या गेल्यावर काय होते हे या तालुक्याने पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारातली हरित वसईची चळवळ वसईच्या हिरवाईबरोबर याच पाण्यासाठीही उभी राहिली. खोदाईच्या वेळी आठवडाभर पाणी उपसणार असाल तर शेजारच्या वाडीच्या विहिरीची आधी चव घेऊन ठेवा, शेजाऱ्यासमोर.

एकदा भरलेले पाणी दर महिन्याला बदलावे लागते, हाही गैरसमजच. गाळण नीट चालली आणि क्लोरीन व पीएच सांभाळला तर तेच पाणी वर्षानुवर्षे चालते. फक्त घट भरून काढायची. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर वाफ धरली तर या तलावाला रोज १६० लिटर.

हल्ली ‘सॉल्ट वॉटर पूल’ही विकतात, ‘यात क्लोरीन नसतो’ म्हणून. असतो. ते यंत्र मिठापासूनच क्लोरीन बनवते. त्यासाठी लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ धरले तर आपल्या तलावात दीडशे किलो मीठ पडेल. उद्या हे पाणी सोडायचे कुठे? केळीत? पानवेलीत? वाडीतल्या तळ्यात, म्हणजे बावखळात? वसईच्या वाडीत तरी मी हा पर्याय घेणार नाही.

‘पंप जेवढा मोठा तेवढा चांगला’

नाही. सहा तासांत सगळे पाणी एकदा फिरवायचे तर ताशी ७,२०० लिटर पुरतात. त्याला साधारण एक अश्वशक्तीपर्यंतचा पंप आणि साठ सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचा वाळूचा फिल्टर बसतो. छोट्या फिल्टरवर दोन अश्वशक्तीचा पंप लावला की पाणी वाळूतून गाळले न जाता धावत सुटते आणि महावितरणचे बिल तेवढे वाढते. पंपाची कंपनी, मॉडेल आणि ताशी लिटर लिहून घ्या. ‘नामांकित कंपनीचा’ हे उत्तर नव्हे. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आणि सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. यात घासाघीस करू नका.

‘आपल्याच जागेत खणायला परवानगी कशाला’

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दात जमिनीखाली केलेले अभियांत्रिकी कामही येते. उघडा तलाव एफएसआयमध्ये मोजत नाहीत, त्यावरून परवानगीच लागत नाही असा अर्थ लोक काढतात. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ पासून वसई-विरार शहर महानगरपालिका आहे, तेव्हा आर्किटेक्टमार्फत तिथेच विचारा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आधी बघा. तिथे बांधकामाइतकीच भूजल उपशावरही बंधने आहेत. ‘परवानगी मालकाची’ असे कोटेशनमध्ये असेल तर ते ठीकच आहे, फक्त परवानगी येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

‘दहा वर्षांची गॅरंटी आहे’

कशाची? पंपाची वॉरंटी त्याच्या कंपनीची, आणि ती तलावापेक्षा खूपच आधी संपते. टाइल्स निघाल्या तर? तलाव उचलला गेला तर? ‘नैसर्गिक आपत्ती वगळून’ हे शब्द असतील तर पावसाळ्यातले भूजल त्यात धरलेले नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्या. वसईत जुलैत पाणी वर येणे ही आपत्ती नव्हे, दरवर्षीची गोष्ट आहे.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, तारखांवर नाही: तळ ओतल्यावर, भिंती झाल्यावर, पाणी-चाचणी झाल्यावर, टाइल्स झाल्यावर. चाचणी टाइल्स लावण्याआधीच. तलाव भरून काँक्रीटला पाणी पिऊ द्या. मग पायरीवर एक बादली ठेवून तिच्यात तलावाच्याच पातळीइतके पाणी भरा आणि दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. आठवडाभर पंप बंद. पाऊस आणि ऊन दोन्हींवर सारखेच पडते, त्यामुळे बादलीपेक्षा तलावातले पाणी जास्त उतरले तर ती गळती. ही चाचणी, ती कुणासमोर होणार, गळती निघाली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, आणि एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत दहा टक्के रक्कम हातात ठेवणार, एवढे सही करण्याआधी कोटेशनखाली हाताने लिहा आणि कंत्राटदाराची सही त्या मजकुराखाली घ्या.